गणक ते प्रोग्रॅमर : एका व्यवसायाची पूर्वपीठिका

शेणव्यासारख्या भातशेतीच्या गावी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या माणसांवर व्याख्यान द्यावयाचे, ही कल्पना प्रथम ऐकताना काहीशी विपरीत वाटेल. परंतु पहाटे आसनगावला जाऊन मुंबईची लोकल गाठणाऱ्या मंडळींत आता अशी माणसे असतात. आणि ज्यांच्या घरात तसे कुणी नाही त्यांचाही सातबारा आज आज्ञावलीतूनच बाहेर पडतो. तेव्हा विषय दूरचा राहिलेला नाही. दूरची राहिली आहे ती त्या कामाची ओळख. मुलगा ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असे आईबाप अभिमानाने सांगतात. पण तो तेथे नेमके काय करतो, असे विचारले तर ‘बसून टाइप करतो’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संगणक या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येते. इंग्रजीतील ‘कॉम्प्युटर’ हा शब्द मात्र मुळात माणसाला लावीत. गणिते करून पोट भरणारा तो कॉम्प्युटर. इंग्लंडात १७६७ सालापासून दर्यावर्दी लोकांसाठी नाविक पंचांग निघू लागले. त्यातील चंद्राची स्थाने काढण्याचे काम नेव्हिल मॅस्केलिन या राजज्योतिषाने गावोगावच्या गणकांकडे घरबसल्या सोपविले होते. व्यवस्था अशी, की एकच गणित दोघांनी एकमेकांस न विचारता करावयाचे, आणि तिसऱ्याने दोन्ही उत्तरे ताडून पाहावयाची. १७७० च्या सुमारास या तिसऱ्या माणसाच्या ध्यानात आले, की दोघा गणकांची उत्तरे तर जुळतातच, पण चुकाही जुळतात! दोघांनी संगनमत करून एकमेकांचे उतरवून घेतले होते. त्यांना अर्थातच काढून टाकण्यात आले. मला या हकिगतीत त्या दोघांपेक्षा तिसरा माणूस महत्त्वाचा वाटतो. गणित येणारी माणसे तेव्हाही मिळत होती. चूक होणारच हे गृहीत धरून तिच्यासाठी आधीच सापळा लावून ठेवणे, ही खरी नवी विद्या होती.

आपल्या देशातही हा व्यवसाय लवकरच आला. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीत १८३१ साली राधानाथ सिकदार हे बंगाली तरुण गणक म्हणून दाखल झाले व पुढे मुख्य गणक झाले. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडलेले आहे, ते बहुतेकांस ठाऊक असते. पण महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण केरो लक्ष्मण छत्रे यांचे. टिळकांचे डेक्कन कॉलेजातील गणिताचे गुरू म्हणून केरूनाना आपल्याला माहीत आहेत. त्याआधी, वयाच्या सोळा-सतराव्या वर्षांच्या सुमारास, ते मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले होते. वेध घ्यावयाचे, आकडे नोंदवावयाचे, त्यांची शुद्धी करावयाची. काम रुक्ष आणि न संपणारे. त्या शिस्तीतून आलेल्या माणसाने १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत छापून काढली. कोष्टक म्हणजे काय, याचा जरा विचार करावा. कोष्टक रचणारा स्वतः उत्तर काढून देत नाही. दुसऱ्या कुणाही जोशाला ते बिनचूक काढता यावे म्हणून तो कृतीचा मार्ग आखून देतो. केरूनानांनी जे जोशीबुवांसाठी केले, तेच आज प्रोग्रॅमर यंत्रासाठी करतो. भेद एवढाच, की जोशीबुवांना चुकून विचित्र उत्तर आले तर ते थांबून डोके खाजवीत. यंत्र थांबत नाही.

पंचांगाचा विषय निघालाच आहे, तर त्यातीलच एक गोष्ट सांगतो, कारण प्रोग्रॅमरचे अर्धे कसब तिच्यात आहे. अधिक मास आपल्या सर्वांच्या परिचयाचा. क्षयमास मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. १९६३-६४ साली आणि पुन्हा १९८२-८३ साली, असे अवघ्या १९ वर्षांच्या अंतराने क्षयमास आले. पण १९६३ पूर्वीचे मध्यंतर १४१ वर्षांचे होते. आता एखाद्याने पंचांगाची आज्ञावली लिहिली आणि मागच्या शंभर वर्षांशी ताडून पाहिली, तरी तेवढ्यात क्षयमास आलाच नसेल, तर तिच्यातील उणीव कधीच उघडी पडावयाची नाही. शंभर वर्षे बरोबर चाललेली वस्तू एकशेएकाव्या वर्षी चुकेल. म्हणून चांगला प्रोग्रॅमर नेहमी घडणाऱ्या गोष्टींवर फारसा वेळ घालवीत नाही. क्वचित घडणारी, कुणाच्या कल्पनेत नसलेली गोष्ट कोणती, हे तो विचारीत बसतो. शेजारी बसलेल्यास हा स्वभाव पुष्कळदा शंकेखोर वाटतो. तो शंकेखोरच असतो.

ज्या कुलाब्यात केरूनानांनी आकडे शुद्ध केले, त्याच कुलाब्याशी, शंभराहून अधिक वर्षांनी, पुढील प्रकरण निगडित आहे. डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली एक लहानसा गट संगणक बांधावयास बसला. नरसिंहन सोडले तर गटातील कुणीही पूर्वी संगणक वापरलेला नव्हता. १९५६ साली नमुन्याचे यंत्र चालू झाले, १९६० च्या फेब्रुवारीत पूर्ण यंत्र रुजू झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टीफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे ते धूड होते. त्याच्या स्मृतीत मावणारे शब्द अवघे २,०४८. शब्द म्हणजे येथे ४० अंकांचा एक कप्पा. तेवढ्यात आज्ञाही बसवावयाच्या आणि आकडेही! आजच्या साध्या भ्रमणध्वनीतील एका छायाचित्रालाही याहून कितीतरी अधिक जागा लागते.

या अडचणीने माणसे घडविली. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा यंत्रात जात. एक कप्पा वाचला तर पुढच्याची सोय होई, म्हणून जे दहा आज्ञांत होईल ते आठांत कसे होईल, हा विचार अंगवळणी पडला. पुढे १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले व देशभरच्या संशोधकांची गणिते तेथे येऊ लागली. त्या काळच्या मोठ्या यंत्रांवर काम करण्याची रीत अशी होती, की छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. ते दुसऱ्या दिवशीही मिळे. एक स्वल्पविराम राहिला तर सारा दिवस फुकट. त्यामुळे गठ्ठा देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन, आपणच यंत्र आहोत असे समजून, प्रत्येक आज्ञा हाताने चालवून पाहावी लागे. याला ते लोक ‘ड्राय रन’ म्हणत. रांगोळी घालण्यापूर्वी ठिपके मोजावे तसे हे. आज यंत्र क्षणात उत्तर देते, म्हणून ही सवय पुष्कळांची सुटली आहे, आणि ती सुटल्याचे परिणाम दिसतात.

१९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. आरंभीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील हिशेबांचा मेळ घालणे, असली कामे होती. १९७४ साली बरोज या अमेरिकन कंपनीचे काम मिळाले : रुग्णालयाच्या हिशेबाची एक आज्ञावली एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यावयाची होती. पंचाईत ही, की मुंबईच्या मंडळींपाशी बरोजचे यंत्रच नव्हते. होते ते इंग्लंडच्या आयसीएल कंपनीचे. मग त्यांनी त्या तिसऱ्याच यंत्रावर असा एक प्रोग्रॅम लिहिला, की जो जुनी आज्ञावली वाचील व तिचे नवी आज्ञावली असे रूपांतर करील. जे यंत्र समोर नाही त्याचे नियम केवळ पुस्तकांवरून मनात उभे करून, त्याच्यासाठी काम करावयाचे! परदेशातील कामे येथे बसून करण्याचा जो मोठा उद्योग पुढे उभा राहिला, ज्याच्या जोरावर आपली मुले ऐरोलीस आणि पुण्यास नोकऱ्या करतात, त्याचा आरंभ असल्या कामांतून झाला. स्वस्त मजुरी हे एक कारण होतेच, ते लपविण्याचे कारण नाही. पण नुसत्या स्वस्ताईवर रुग्णालयाचे हिशेब कुणी परक्याच्या हाती देत नाही.

आता या कामाचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न. येथे आपल्या नेहमीच्या मोजपट्ट्या उपयोगी पडत नाहीत. भाताची लावणी मागे पडली तर आपण चार माणसे अधिक लावतो आणि लावणी उरकते. आयबीएम कंपनीत फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६० नंतरच्या वर्षांत एक प्रचंड आज्ञावली करवून घेतली, आणि १९७५ च्या आपल्या पुस्तकात अनुभव लिहिला तो असा, की मागे पडलेल्या कामावर माणसे वाढविली तर ते आणखी मागे पडते. कारण नव्या माणसांस सारे समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असते. ओळी मोजून दाम द्यावा, तर तेही फसते. अॅपल कंपनीत १९८२ च्या सुमारास दर आठवड्यास प्रत्येकाने किती ओळी लिहिल्या ते भरून देण्याचा फतवा निघाला. बिल अॅटकिन्सन नावाच्या कुशल गृहस्थाने त्या आठवड्यात जुना भाग नव्याने रचून तो पुष्कळ वेगवान व लहान केला होता. त्याने रकान्यात ‘उणे २,०००’ असे भरले! पुढे त्याच्याकडे तो तक्ता मागणे बंद झाले म्हणतात.

आणि बिघाड झाला नाही, याचे श्रेय तर कुणासच मिळत नाही. जागा वाचावी म्हणून जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवीत. त्यामुळे २००० साल उजाडताच ते १९०० समजले जाईल, हे भय होते. १९९९ पर्यंत काही वर्षे जगभर, आणि भारतात फार मोठ्या प्रमाणावर, हजारो प्रोग्रॅमर परक्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या आज्ञावल्या ओळीओळीने वाचीत बसले होते. नव्या वर्षाची रात्र बहुतेक शांततेत गेली. दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले, की उगाच बाऊ केला होता. धरणाची गळती वेळीच बुजविणाऱ्यालाही हेच ऐकावे लागते; तानसा-भातसाच्या या तालुक्यात ते निराळे सांगावयास नको.

निगराणी राहिली तर काय होते, तेही इतिहासात आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत आकाशात फुटले. दोष यंत्रसामग्रीत नव्हता. आधीच्या एरियान-४ मधील आज्ञावलीचा एक भाग, तेथे उत्तम चालला म्हणून, नव्यात तसाच घेतला होता. नवा बाण अधिक वेगवान. त्यामुळे एक आकडा त्याच्यासाठी राखलेल्या कप्प्यात मावला नाही. म्हणजे प्रोग्रॅमरचे लिहिणे एकदा बरोबर ठरले की कायमचे बरोबर, असे नाही. परिस्थिती पालटली की पुन्हा शंका घ्यावी लागते. अलीकडे तर यंत्रेच आज्ञावल्या लिहू लागली आहेत आणि आता प्रोग्रॅमर कशाला, असे विचारले जाते. मला हा प्रश्न मॅस्केलिनच्या गणकांसारखा दिसतो. लिहिणारे स्वस्त झाले. ताडून पाहणारा कोण, ते सांगा.

शेवटी आपल्या सातबाऱ्याकडे येतो. हस्तलिखित सातबारे संगणकात घालताना असंख्य चुका झाल्या. कोठे नाव गळले, कोठे आर आणि हेक्टर यांची गल्लत झाली. त्या शोधण्यासाठी आज्ञावलीत तपासण्या बसविण्यात आल्या. त्यांतील एक अगदी साधी आहे : गटाचे एकूण क्षेत्र आणि त्यातील सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळते की नाही. न जुळणारे सातबारे यंत्र निवडून तलाठ्यापुढे ठेवी. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले, त्यामागे ही खटपट होती. परंतु ज्याने या तपासण्या रचल्या त्याला त्यांची मर्यादाही ठाऊक असली पाहिजे. एखाद्या बहिणीचे नाव गळले आणि तिचा वाटा भावाच्या नावे चढला, तर बेरीज बरोबर येते. यंत्राला तेथे काहीच खटकत नाही.

म्हणून २०१७ साली राज्यभर चावडीवाचन झाले. गावकरी जमले, तलाठ्याने संगणकातून निघालेला सातबारा मोठ्याने वाचला, आणि ज्याला आपले नाव ऐकू आले नाही त्याने उठून ‘आमचे राहिले’ म्हणावयाचे होते. जे त्या दिवशी गेले नाहीत, त्यांच्यासाठी जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५५ आहे, लेखनदोष दुरुस्त करून मिळण्याचे. घरी गेल्यावर आपापला उतारा एकदा काढून पाहावा, आणि नुसती बेरीज न पाहता नावेही वाचावीत.