आरोग्य सेतूचा खुला कोड : काय दिसले, काय उरले?

२६ मे २०२० रोजी केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड गिटहबवर खुला केला. २ एप्रिलला आलेले हे अ‍ॅप तोवर अकरा कोटींहून अधिक लोकांनी घेतले होते. ब्लूटूथ आणि जीपीएसच्या आधारे ते माणसांमधला संपर्क नोंदवी; म्हणून ही माहिती कुठे जाते, हा प्रश्न सर्वत्र विचारला जात होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एनआयसी-दिल्ली’ या खात्यावर कोड आला. प्रत्यक्ष वापरातला कोड हाच असून पुढचे बदलही येथेच येतील, असे सरकारने जाहीर केले.

अशा आश्वासनाची पडताळणी वाचक कशी करणार? त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सबव्हर्जनसारख्या जुन्या प्रणालींत कोडचा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर राही. ‘चेकआउट’ केले, की वाचकाला एका आवृत्तीची प्रत मिळे. टॉर्टॉइजएसव्हीएनने हे काम विंडोजमधल्या उजव्या क्लिकवर आणून ठेवले. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिले आणि रीत बदलली. गिटमध्ये ‘क्लोन’ केले, की सामान्यतः सगळा इतिहासच आपल्या संगणकावर उतरतो. ‘चेकआउट’ त्यातली हवी ती आवृत्ती फायलींच्या रूपात मांडते. त्याच वर्षी आलेल्या गिटके या चित्ररूप साधनाने तो इतिहास रेषा-बिंदूंनी रेखाटला. प्रत्येक बिंदू म्हणजे एक ‘कमिट’ : कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद. प्रत्येक कमिटच्या ओळखचिन्हात आधीच्या कमिटचे चिन्ह गुंफलेले असते. त्यामुळे जुनी नोंद बदलली, तर पुढची सगळी चिन्हे बदलतात, आणि ज्याच्याकडे आधीची प्रत आहे त्याला तो फरक कळतो.

परंतु या खिडकीत प्रसिद्ध झालेलाच इतिहास दिसतो. प्रकाशनापूर्वीच्या नोंदी ठेवल्याच नसतील, तर कोणतेही साधन त्या दाखवू शकत नाही. फोनमधले अ‍ॅप याच कोडमधून घडले, हेही चेकआउटने सिद्ध होत नाही. त्यासाठी कोडपासून अ‍ॅप पुन्हा बांधून दोन्ही ताडून पाहावी लागतात. शिवाय फोनवरचा कोड माहिती कुठे पाठवली जाते ते सांगतो. पोहोचल्यावर तिचे काय होते, ते सर्व्हरचा कोडच सांगू शकतो. आरोग्य सेतूचा तो कोड नोव्हेंबर २०२० मध्ये, ‘ओपनफोर्ज’ या सरकारी मंचावर आला.

म्हणून एखादा प्रकल्प ‘खुला’ असल्याचे ऐकले, की विद्यार्थ्यांनी तो क्लोन करून आधी इतिहासाची खिडकी उघडावी. पहिली नोंद कधीची? शेवटची कधीची? कोणता भाग आलेलाच नाही? कोड वाचण्याआधी एवढे विचारले, तरी खुलेपणाची व्याप्ती बरीचशी स्पष्ट होते.