सीडी-४ ग्राही आणि त्याची ओळख पटविणारे प्रतिपिंड : एक ऐतिहासिक आढावा

विज्ञानाच्या इतिहासात आधी प्रश्न आणि मग साधन असा क्रम सामान्यतः गृहीत धरला जातो. मानवी टी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४ या ग्राही प्रथिनाचा इतिहास मात्र या गृहीतकास अपवाद ठरतो.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड तयार करणारी पेशी आणि मायलोमा या कर्करोगातील पेशी यांचा संकर घडवून आणला. त्या संकरातून एकाच लक्ष्यास चिकटणारे, एकसारखे प्रतिपिंड अखंडपणे मिळू लागले. याच तंत्राने अमेरिकेतील ऑर्थो कंपनीच्या संशोधकांनी ‘ओकेटी-४’ हे प्रतिपिंड तयार केले व १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. टी-पेशींपैकी ‘साहाय्यक’ पेशी त्यामुळे वेगळ्या ओळखता व मोजता येऊ लागल्या. त्या वेळी एड्स हा रोग वैद्यकशास्त्रास अज्ञात होता.

१९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथील काही तरुण रुग्णांच्या रक्तात, अशाच प्रतिपिंडांच्या साहाय्याने तपासले असता, साहाय्यक पेशी जवळजवळ नाहीशा झाल्याचे आढळले. रोगास कारणीभूत असणारा विषाणू सापडण्यापूर्वीच त्याचा आघात कोठे होतो हे अशा रीतीने दिसून आले.

दरम्यान निरनिराळ्या प्रयोगशाळांनी एकाच प्रथिनास टी-४, ल्यू-३ अशी भिन्न नावे दिली होती. १९८२ च्या पॅरिस येथील कार्यशाळेपासून प्रतिपिंडांची परस्पर तुलना करून ‘सीडी’ ही समान नामपद्धती रूढ झाली. १९८४ मध्ये लंडन व पॅरिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले की, विषाणू पेशीत शिरण्यासाठी याच ग्राहीचा आधार घेतो. लंडनमध्ये तपासलेल्या १५५ प्रतिपिंडांपैकी सीडी-४ ला चिकटणाऱ्या सर्व १४ प्रतिपिंडांनी विषाणूस अटकाव केला.

प्रयोगशाळेतील या मोजणीस पुढे सामाजिक अर्थ प्राप्त झाला. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधोपचार सुरू झाले, तेव्हा ते कोणास द्यावयाचे हे ठरविताना रोगाच्या अवस्थेबरोबरच सीडी-४ पेशींची संख्या पाहिली जाई. मर्यादेच्या वर संख्या असलेल्या अनेकांना प्रकृती खालावेपर्यंत थांबावे लागे. पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली व २०१७ मध्ये निदान झालेल्या प्रत्येकास उपचार देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.

सारांश, प्रतिपिंडाने केवळ पेशींची संख्या सांगितली. त्या संख्येवरून कोणास औषध द्यावयाचे आणि कोणास थांबवावयाचे, हा निर्णय मात्र सर्वस्वी माणसांचा होता.