प्रतिध्वनीने वाचवलेले डोळे

भोकरच्या बाजारात माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. नजरेला न दिसणारा दोष कानाला कळतो. डोळ्यातील गाठीच्या निदानाचा इतिहास काहीसा असाच आहे.

पूर्वी डॉक्टरांची भिस्त मुख्यतः डोळ्यात प्रकाश टाकून पाहण्यावर होती. मोतीबिंदू आड आला की मागचे दिसत नसे. गाठ दिसली तरी ती कर्करोगाची की साधी, हे ठरवणे अवघड. मेलॅनोमा हा कर्करोग समजून काढलेल्या ५२९ डोळ्यांचा आढावा फेरी यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे १९ टक्के डोळ्यांत तो कर्करोग नव्हताच!

उपाय भौतिकशास्त्राने दिला. काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट, विद्युतदाब दिला की स्फटिक कंप पावतो. अशा स्फटिकातून श्राव्यातीत ध्वनी डोळ्यात सोडला की आतील प्रत्येक थरावरून प्रतिध्वनी येतो. डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर. ध्वनीला जाऊन यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ३१ भाग पुरतात. १९५६ मध्ये मुंट आणि ह्यूज यांनी ही पद्धत डोळ्यातील गाठींसाठी वापरली.

वेळेवरून गाठीची जागा आणि जाडी कळली. ती कशाची आहे, हे कसे ओळखायचे? मेलॅनोमाच्या पेशी दाट, एकसारख्या असतात. म्हणून आतून येणारे प्रतिध्वनी क्षीण असतात. रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीत अनेक भिंती असतात. तिचे प्रतिध्वनी जोरदार येतात. पुढे न्यूयॉर्कमध्ये लिझी, कोलमन आणि सहकाऱ्यांनी प्रतिध्वनीतील वेगवेगळ्या वारंवारता गणिताने सुट्या करून पाहिल्या. या पद्धतीची सैद्धांतिक मांडणी त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. फोरिए यांचे १८२२ मधील उष्णतेविषयीचे गणित इथे उपयोगी पडले.

१९९० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा अहवाल आला. काढलेल्या ४१३ डोळ्यांपैकी निदान चुकले होते फक्त २ डोळ्यांत. हे श्रेय एकट्या ध्वनीचे नाही. अनुभवी नजर आणि इतर तपासण्याही त्यात होत्या. पण वर्गात प्रतिध्वनीचे गणित सोडवताना मुलांना हे जरूर सांगावे: याच गणिताने माणसांचे डोळे वाचले आहेत.