एंजिन अडखळणे (भाराखाली)

चढावर, ओव्हरटेक करताना किंवा एसी चालू असताना ॲक्सिलरेटर दाबूनही गाडीने वेग न घेणे, झटके देणे. गॅरेजच्या बोलीत 'मिसिंग'. पुढील माहिती मुख्यतः इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांची आहे.

प्रज्वलन : उभ्या गाडीचे एंजिन सुरळीत चालते आणि घाटात अडखळते, तेव्हा पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते व संपीडनाचा दाब वाढतो. दाब वाढला की तेवढीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. हा नियम फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. प्लगची फट साधारण ०.७ ते १.१ मिमी असते. इलेक्ट्रोड झिजून ती वाढली, की कमजोर कॉइल भाराखालीच उघडी पडते. सीएनजीला व्होल्टेज आणखी जास्त लागत असल्याने पेट्रोलवर ठीक व गॅसवर अडखळणे ही मोलाची खूण आहे.

प्लग काढून उजेडात फिरवून पाहावा. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ असेल, तर वीज फटीतून न जाता बाहेरून धातूत उतरते आहे. अशा वेळी प्लगसोबत कॉइलचे रबरही बदलावे. एकच बदलल्यास रेघ पुन्हा उमटते. स्कॅनरवर पी०३०१ (पहिल्या सिलिंडरचे मिसिंग) कोड असल्यास पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. कोड पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग) झाला, तर दोष कॉइलचा. हे न करता चारही कॉइल बदलायला लावणे म्हणजे ग्राहकाचा पैसा वाया घालवणे होय.

इंधन व हवा : रेलमधील (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतील) दाब बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार असतो. तो गाडी चालवताना मोजावा. आयडलवर इंधन थोडेच लागते, त्यामुळे थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टरही तेथे निभावून नेतो. स्कॅनरवर दिसणारा फ्युएल ट्रिम (संगणकाने इंधनात केलेली वाढ-घट) भाराबरोबर वाढत गेल्यास इंधन कमी पडते आहे किंवा हवामापक सेन्सर मळला आहे. आयडलवर जास्त व वेगात कमी असल्यास बाहेरची हवा शिरते आहे.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा जुन्या गाड्यांवरील परिणाम वादाचा आहे.

डिझेल : या गाड्यांत टर्बोच्या नळीची गळती, ईजीआर (धूर एंजिनात परत फिरवणारी झडप) व फिल्टरमधील पाणी तपासावे.

धोका : न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची जाळी वितळवते. चेक एंजिनचा दिवा लुकलुकू लागल्यास ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी सुरक्षित जागी थांबवावी.