बिबट्याचा फोटो ट्रॅप कॅमेरा कसा काढतो? आणि मोबाईलवाल्यांनी काय पाळावं?

दिंडोशी : गोरेगाव-मालाड पूर्वेला दिंडोशीला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे आहेत, तसंच चितळ, सांबर, वानर हे त्यांचं भक्ष्यही आहे. त्यांचे फोटो बऱ्याचदा माणूस जवळ नसताना निघतात. ते काम ट्रॅप कॅमेरा करतो.

कॅमेरा कसा चालतो?
पायवाट, ओढा, पाणवठा अशा ठिकाणी ठसे आणि विष्ठा बघून जागा ठरवतात. कॅमेरा झाडाला साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. गरम अंगाचं जनावर समोरून गेलं की सेन्सरला कळतं आणि आपोआप फोटो निघतो. तारीख-वेळही नोंदली जाते.

दोन कॅमेरे कशाला?
प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. डाव्या आणि उजव्या अंगाचे ठिपकेही जुळत नाहीत. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. अशा पाहणीत उद्यान व परिसरात २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ वेगवेगळे बिबटे ओळखता आले.

भक्ष्य कोणतं?
२०१५ च्या अभ्यासात विष्ठाही तपासली. बिबट्याच्या खाण्यात सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांचा निघाला. वस्तीच्या कडेला कचरा साचला की कुत्री वाढतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो.

गाजलेला फोटो
शेजारच्या आरे वसाहतीत आदिवासी वस्तीच्या बोळातून जाणारा बिबट्या नयन खानोलकर यांनी याच पद्धतीने टिपला. या फोटोला २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत शहरी वन्यजीव गटाचं पहिलं बक्षीस मिळालं.

आपण काय पाळावं?
- बिबट्या दिसला तर मोबाईल घेऊन मागे धावू नये, गर्दी करू नये. चारी बाजूंनी कोंडलेला बिबट्या अंगावर येऊ शकतो.
- उसाच्या फडात पिल्लं सापडली तर हात लावू नये, सेल्फी काढू नये. मादी जवळपासच असते.
- फोटो असेल तर आधी वन विभागाला दाखवावा. नेमकी जागा ग्रुपवर टाकली की बघ्यांची झुंबड उडते.
- रानात बांधलेल्या कॅमेऱ्याला हात लावू नये. त्यावरूनच बिबट्याचा वावर कळतो.
- मदतीसाठी वन विभागाचा टोल फ्री नंबर : १९२६.

वाट मोकळी मिळाली की बिबट्या बहुतेक वेळा आपणहून निघून जातो.