जहाजांच्या इंधनाचा सौदा आणि त्याची साक्ष

बाजारांत घेतलेल्या मालाविषयीं तंटा उपस्थित झाला, तर तो माल तरी पंचांपुढें ठेवतां येतो. कापडाचा पोत दाखवितां येतो. धान्यांतील खडे वेंचून मोजतां येतात. जहाजाच्या इंधनाचें तसें नाहीं. तें घेतल्यावर थोड्याच दिवसांत जळून जातें. आणि वाईट निघालें, तर त्याचा दोष भरसमुद्रांत, विकणाऱ्यापासून शेंकडों मैलांवर उघडकीस येतो. म्हणजे वादाचा विषय आणि वादाचा पुरावा यांचा एकदमच धूर होऊन जातो. म्हणून या व्यापारांतील तंटे मिटवीत बसण्यापेक्षां ते उत्पन्नच होऊं न देणें हा शहाणपणाचा मार्ग होय, हें दर्यावर्दी लोकांस पुष्कळ नुकसान सोसून कळलें. त्या अनुभवाचा कांहीं भाग आमच्या मुंबईच्या खाडीशीं निगडित आहे.

या खाडीच्या दक्षिणेस उरणचें मोरा बंदर आहे. एकोणिसाव्या शतकांत उरण हें पनवेल तालुक्यांत मोडत असे, व तेथील मिठागरें आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या यांची ख्याति होती. या दोन्ही जिनसांवर सरकारचा कर असे. त्यामुळें त्यांचें वजन, माप व कस सरकारी अंमलदारांच्या देखरेखीखालीं पाहिला जाई. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्यें तिसरा माणूस उभा असे, तो धर्मबुद्धीनें नव्हे, तर खजिन्याच्या हितासाठीं. परंतु त्याच पाण्यांतून जाणाऱ्या गलबतांस इंधनाचा प्रश्नच नव्हता. शिडांत भरलेल्या वाऱ्याची पावती कोणी मागत नसे.

वाफेचें यंत्र आलें आणि ही निश्चिंती संपली. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं सुएझकडे निघाली. तिच्यांत साधारण साडेपांच दिवसांपुरताच कोळसा राहावा अशी योजना होती. म्हणून एरवीं उतारूंस व मालास द्यावयाची जागाही कोळशानें भरून टाकावी लागली. अकराव्या दिवशीं ती एडनला पोंचली, तेव्हां अवघा सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. सुएझपर्यंतच्या तेहतीस दिवसांपैकीं सुमारें बारा दिवस वाटेंत कोळसा घेण्यांतच गेले. पुढें १८३९ सालीं इंग्रजांनीं एडन काबीज केलें, त्याच्या कारणांत कोळशाच्या ठाण्याची गरज हें एक मुख्य कारण होतें. इंधनाचा पुरवठा दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवूं नये, हा धडा साम्राज्यानें आपल्या रीतीनें, म्हणजे तोफांच्या साह्यानें, गिरविला. व्यापाऱ्यास तो मार्ग मोकळा नव्हता. त्यास करारावरच अवलंबून राहणें भाग होतें.

करारांत ‘उत्तम कोळसा’ असें लिहिणें सोपें असतें. पण उत्तम म्हणजे काय? कोळसा ओला असला कीं वजनास भरतो आणि उष्णतेस उणा पडतो. दगड व राख अधिक असली, तर शेगडी तुंबते. भुकटी फार असली, तर ती न जळतांच गळून पडते. इंग्लंडच्या आरमारानें १८४० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या खाणींच्या कोळशाची शास्त्रीय परीक्षा करविली आणि वेल्सच्या कोळशास श्रेष्ठ ठरविलें. तेव्हांपासून ‘उत्तम’ या विशेषणास मोजतां येण्याजोगा अर्थ येऊं लागला.

आमच्या देशांत या अर्थाची किंमत विसाव्या शतकांत कळली. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी कोळशाच्या निर्यातीवर निर्बंध आले, व कोलंबोसारख्या बंदरांनीं दुसरीकडे दृष्टि वळविली. निर्बंध सैल झाल्यावरही गिऱ्हाईक परत येईना. मुंबईच्या बाजारांतसुद्धां बंगालच्या कोळशापुढें दक्षिण आफ्रिकेचा कोळसा उभा राहिला. त्याच्या पाठीशीं सरकारी तपासणीचा दाखला होता. बंगालच्या कोळशाच्या पाठीशीं विकणाऱ्याचा शब्द, आणि तो शब्द अनेकदां फसवा ठरलेला. शेवटीं नोईस यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें चौकशी केली आणि १९२५ सालीं कोळशाची प्रतवारी ठरविणारें मंडळ स्थापण्याचा कायदा झाला. जहाजावर चढणाऱ्या मालास त्याच्या प्रतीचा दाखला मिळूं लागला. आम्हांस वाटतें, या प्रसंगाचें तात्पर्य केवळ व्यापारी नाहीं. एका लबाड पुरवठेदाराच्या करणीनें दहा सचोटीच्या खाणवाल्यांची पत गेली, आणि ती परत मिळविण्यास कायदा करावा लागला.

पुढें कोळशाची जागा तेलानें घेतली. १९५४-५५ मध्यें तुर्भ्यास तेलशुद्धीचे कारखाने सुरू झाले. मोऱ्याच्या वायव्येस असलेलें बुचर बेट, आतांचें जवाहर द्वीप, हें तेलवाहू जहाजांचें ठाणें बनलें. आणि १९८९ सालीं शेजारींच न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर उघडलें. तेल कोळशाहून स्वच्छ खरें, पण फसवणुकीस अधिक सोयीचें. तें तापलें कीं फुगतें. म्हणून उष्णमान न पाहतां केवळ टाकीची खोली मोजली, तर वजन चुकतें. त्यांत हवा मिसळली, तर फेंसानें टाकी भरलेली दिसते आणि घटकाभरानें पातळी उतरते. त्यांतील पाणी, गंधक किंवा यंत्र झिजविणारे बारीक कण तर नुसत्या डोळ्यांस कळतच नाहींत.

यावर जगानें जे उपाय योजिले, त्यांचें मर्म एकच आहे: साक्ष व्यवहाराच्या वेळींच, दोघांच्या समक्ष, निर्माण करावी. इंधनाच्या प्रतींचें आंतरराष्ट्रीय मानक १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. त्यामुळें ‘चांगलें तेल’ असें मोघम न लिहितां प्रतीचें नांव लिहितां येतें. जहाजांच्या प्रदूषणाविषयींच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें इंधन देतांना पावती करावी लागते व ती जहाजावर तीन वर्षें जपावी लागते. तेल भरतांना धारेंतून घेतलेला नमुना मोहोरबंद करून त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या होतात, आणि तो किमान बारा महिने राखला जातो. सिंगापूरनें २०१७ पासून जड तेलाच्या पुरवठ्यास वजन मोजणारीं प्रवाहमापकें सक्तीचीं केलीं.

तरीही दक्षतेस रजा देतां येत नाहीं. २०२२ सालीं त्याच सिंगापुरांत दूषित तेल सुमारें दोनशें जहाजांस गेलें, व त्यांपैकीं ऐंशींच्या आसपास जहाजांच्या पंपांत आणि यंत्रांत बिघाड झाले. नेहमींच्या चांचणीच्या यादींत नसलेलीं द्रव्यें त्या तेलांत होतीं. पण जपून ठेवलेल्या नमुन्यांमुळें व कागदांमुळें दोष कोठून आला याचा माग काढतां आला. नियम अपघात टाळतोच असें नाहीं. तो निरपराध्यावर येणारा आळ मात्र टाळूं शकतो.

हा सर्व बंदोबस्त मोठ्या जहाजांचा झाला. मोरा आणि करंजा येथील मच्छीमारही आतां डिझेलवर मचवे चालवितात. त्यांच्या टाकींत पाणी मिसळलेलें तेल गेलें, तर यंत्र बंद पडतें तें किनाऱ्यापासून दूर, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं अशा वेळीं प्रश्न पैशाचा राहत नाहीं. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नाहीं. परंतु स्वच्छ बाटली, लाखेची मोहोर आणि दोन सह्या यांस फारसा खर्च लागत नाहीं. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत तेल घेण्याची चाल आहेच. त्या संस्थांनीं तेलाच्या प्रत्येक खेपेचा एक नमुना राखून ठेवण्याचा परिपाठ पाडला, तर तंट्याच्या वेळीं गरीब नाखव्यास कोणाच्या दयेवर विसंबावें लागणार नाहीं. सचोटीच्या विक्रेत्यानेंही या परिपाठाचें स्वागत करावें. कारण त्या बाटलींत त्याचीही अब्रू राखलेली असते.