बोनाफाईड विद्यार्थी

एखादा माणूस विद्यार्थी आहे की नाही, हे आपल्याकडे त्याच्या अभ्यासावरून कुणी ठरवत नाही, आणि तेच बरं आहे. तसं ठरवायचं म्हटलं तर निम्मी कॉलेजं ओस पडतील. विद्यार्थी ठरतो तो कागदावरून. या कागदाला आमच्या खानदेशात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे 'बोनाफाईड' म्हणतात. मूळ शब्द लॅटिन, 'बोना फिदे'. अर्थ काय, तर सद्‌भावनेनं, विश्वासानं. गंमत पाहा. समोरच्याच्या शब्दावर विश्वास नाही म्हणून जो कागद मागायचा, त्याचंच नाव विश्वास!

हे पुराण काढायचं कारण आमचा धुळ्याचा भाचा. यंदा इंजिनिअरिंगला गेला आणि आठ दिवसांत त्याला लॅपटॉपवाचून अन्न गोड लागेना. (आमच्या वेळी कॉलेजात गेलं की सायकलची निकड भासे. तिला पासवर्ड नव्हता. कुलूप होतं, आणि ते कुणाच्याही किल्लीनं उघडायचं.) फोनवर म्हणाला, "मामा, विद्यार्थ्यांना लॅपटॉप स्वस्त मिळतो, पण विद्यार्थी असल्याचं सिद्ध करा म्हणतात."

मी म्हटलं, "मग मार्कशीट तेवढी दाखवू नकोस."

आता आम्ही पडलो बी.कॉम. दुकानदार विद्यार्थ्याला सवलत देतो ती दयेपोटी, असं आम्हाला कुणी सांगितलं तर आम्ही हिशेबाची वही मागतो. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९२० सालीच या व्यवहाराची फोड करून ठेवली आहे. एकाच मालाला दोन भाव लावायचे, तर दोन प्रकारची गिऱ्हाइकं वेगळी ओळखता आली पाहिजेत, आणि स्वस्तात घेणाऱ्यानं तो माल दुसऱ्याला विकता कामा नये. आपल्या भाषेत सांगायचं तर केळीच्या बागेत दोन वाफे असले की मधला बांध पक्का हवा. तो फुटला की सगळं पाणी खालच्या वाफ्यात. विद्यार्थ्याची पडताळणी म्हणजे हा बांध. शिवाय पोराचा हात एकदा आपल्या यंत्रावर बसला की पुढं जन्मभर तो तेच घेईल, हाही व्यापाऱ्याचा धोरणी विचार असतोच. लहानपणी लागलेली शेवभाजीची चव सुटते का कधी?

पण सवलत आली की तोतया आलाच, आणि तोतया आला की दाखला आला. हे आजचं नाही. बाराव्या शतकात बादशहा फ्रेडरिक बार्बारोसा यानं शिकायला परगावी जाणाऱ्यांना संरक्षण दिलं. गावच्या दुसऱ्या माणसाचं कर्ज यांच्याकडून वसूल करायचं नाही, खटला झाला तर तो आपल्या गुरूपुढे चालवायची मुभा. एवढं मिळतंय म्हटल्यावर विद्यार्थी होण्याची हौस कुणाला येणार नाही? म्हणून १२१५ साली पॅरिसच्या विद्यापीठासाठी नियम झाला की ज्याला नेमका असा गुरू नाही तो विद्यार्थीच नव्हे. इंग्लंडच्या राजानंही १२३१ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजला असाच हुकूम पाठवला. म्हणजे बोनाफाईडला आठशे वर्षं होऊन गेली. त्या काळी शिक्का नव्हता. गुरू म्हणाला, "हा माझा," की काम झालं.

आपल्याकडे विद्यार्थ्याची सवलत होती ती जेवणावर. माधुकरी मागायची, नाहीतर वार लावून सात घरी सात दिवस जेवायचं. तिथंही पडताळणी होतीच. घरातली आजी दारातच विचारायची, "कुणाचा रे तू? कुठं शिकतोस?" ही चौकशी कुठल्याही कॉम्प्युटरला जमणार नाही. पण खरं सांगायचं तर त्या चौकशीत पाठांतराच्या आधी जात तपासली जायची, आणि ती बसली नाही तर सगळं पाठ असूनही पान मांडलं जात नसे. ही पडताळणीच मुळात चुकीची आहे, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी मग वेगळीच दारं उघडली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं निघू लागली, आणि भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते पाहा!

पुढं बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना राज्यात ई.बी.सी.ची सवलत गाजली. वडिलांचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असेल तर फी माफ. या एका ओळीवर खेड्यापाड्यांतल्या किती घरांतला पहिला पदवीधर उभा राहिला, याची मोजदाद गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारावी. अर्थात आता तपासायचा होता विद्यार्थ्याचा बाप. तलाठी, तहसील, दाखला. सवलतीची मर्यादा १२०० ठरली की लोकांची उत्पन्नं ११९९ होतात, हा सरकारी गणितातला फार जुना सिद्धांत आहे. उत्पन्नाची मर्यादा आता ८ लाखांवर गेली. सिद्धांत तोच आहे.

आमच्या वाट्याला आली ती एस.टी.ची सवलत. पासात दोन-तृतीयांश माफी, तीस दिवस फिरा आणि दहा दिवसांचं भाडं भरा. शाळा-कॉलेजचा दाखला नेला की पास मिळायचा. त्यावर फोटो दहावीचा आणि आमच्या तोंडावर मिशी बारावीची. कंडक्टर एकदा फोटोकडे बघायचा, एकदा मिशीकडे, आणि म्हणायचा, "सरक मागं." पहिले चार दिवस पास तपासायचा, पाचव्या दिवसापासून चेहराच पास. आता गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, आणि अलीकडे तर पास थेट शाळेत नेऊन द्यायची मोहीम एस.टी.नं काढली. हे मात्र झकास झालं. सवलत मागायला पोरीनं आगारात रांग लावायची नाही, सवलतच पोरीकडे गेली.

रेल्वेचं खातं जुन्या वळणाचं. घरी जायच्या तिकिटात सवलत, पण वय पंचविशीच्या आत हवं आणि फॉर्मवर संस्थेच्या प्रमुखाची सही-शिक्का हवा. संशोधन करणाऱ्याला मात्र पस्तिशीपर्यंत मुभा. रेल्वेला आपल्याकडच्या संशोधनाचा वेग नीट ठाऊक आहे.

आता लॅपटॉपकडे येतो. १९८४ साली अमेरिकेत ॲपल कंपनीनं आपला मॅकिंटॉश बाजारात आणला, किंमत २४९५ डॉलर. त्याच वेळी चोवीस विद्यापीठांशी करार करून त्यांच्या विद्यार्थ्यांना तो साधारण हजार डॉलरांच्या आसपास दिला. पडताळणीचा प्रश्न तिथं फारसा आला नाही, कारण विक्री विद्यापीठामार्फतच. गुरूच दुकानात बसलेला! घोटाळा झाला तो इंटरनेट आल्यावर. दुकानदाराला गिऱ्हाइकाचा चेहरा दिसेना. मग त्यानं ई-मेलचा पत्ता बघायला सुरुवात केली. पत्त्याच्या शेवटी 'डॉट ईडीयू' असेल तर विद्यार्थी. २००१ पासून हे शेपूट अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्च शिक्षणसंस्थांपुरतंच राखून ठेवलं गेलं, म्हणून त्याला वजन. आपल्याकडे 'एसी डॉट इन' तसंच. पुढं २०११ च्या सुमारास इंग्लंडात युनिडेज आणि अमेरिकेत शीअरआयडी अशा कंपन्या निघाल्या. त्यांचा धंदाच मुळी 'हा विद्यार्थी आहे हो' असं दुकानदाराला सांगण्याचा. पूर्वी हे काम गुरू फुकट करायचा. २०२० साली ॲपलनं भारतात आपलं ऑनलाइन दुकान उघडलं, तेव्हा विद्यार्थ्यांचा भाव सोबत आलाच.

आमच्या भाच्याची अडचण इथंच झाली. मोठ्या आय.आय.टी.तल्या पोराला पहिल्या दिवशी कॉलेजचा ई-मेल मिळतो. बटण दाबलं की तो विद्यार्थी. आडगावच्या कॉलेजातल्या पोराकडे असतो साधा जीमेल, जो आमच्या रद्दीवाल्याकडेही आहे. मग ओळखपत्राचा फोटो काढा, फीची पावती चढवा, तारीख दिसत नाही, पुन्हा चढवा. ज्याच्या बापाला पाच हजारांनी फरक पडत नाही त्याची पडताळणी पाच सेकंदांत, आणि ज्याला पाचशेनंही पडतो त्याची पाच दिवसांत. बांध घातला पाणी वाचवायला, आणि कोरडा राहिला तो टोकाचाच वाफा.

बँकेच्या काउंटरवर बसून मी हे रोज बघतो. शिष्यवृत्ती आता आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. चांगलंच आहे, मधले हात गेले. पण मध्यंतरी पारोळ्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात आधारवर शेवटी 'आय' आणि कॉलेजच्या कागदावर 'डबल ई'. तेवढ्यावरून सगळं अडलेलं. तिसरी चकर, म्हणजे तिसरी मजुरी बुडालेली. बाप शांतपणे म्हणाला, "साहेब, पोरगी रोज कॉलेजले जास. मी सोता तिले गाडीमां बसाडस. आखो काय पुरावा जोयजे?"

याहून पक्का बोनाफाईड मी आजवर पाहिलेला नाही. पण आमच्या कॉम्प्युटरात बापाच्या शब्दासाठी रकाना नाही.

पडताळणी नको असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर उद्या माझी नोकरी जाईल, आणि परवा सगळं जळगाव विद्यार्थी होऊन लॅपटॉप घ्यायला निघेल. पण हिशेबाचा साधा नियम आहे की वसुलीचा खर्च येण्यापेक्षा जास्त होता कामा नये. दाखल्याच्या चकरा सवलतीपेक्षा महाग पडल्या तर ती सवलत फक्त जाहिरातीत उरते. आणि कुणाला कागद नाही, याचा अर्थ तो तोतया आहे असा होत नाही.

आमचं विद्यापीठ १९९० साली जळगावात सुरू झालं. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. खानदेशातल्या पोरांच्या पदवीवर आज जिचं नाव छापलेलं असतं, त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, वहीत उतरून घेतल्या आणि तिच्या पश्चात ती वही अत्र्यांना दाखवली. १९५२ साली पुस्तक निघालं, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. कवयित्री म्हणून तिची पात्रता त्यांनी ओव्या वाचूनच पडताळली. सातवी पासचा दाखला काही मागितला नाही.